पणजीची वाकळ मशीनमध्ये का घालायची नाही

प्रिय चिऊ,

जुन्या साड्यांची वाकळ पणजीने कशाला शिवली, आणि ती होस्टेलच्या मशीनमध्ये का टाकायची नाही, हे तू विचारलंस. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात आहे.

सोलापूर चादरीचं गाव. जकार्ड मागावरची ती चादर उलटली की तीच नक्षी, रंग मात्र अदलाबदल झालेले. पण चादर पांघरायची, अंथरायला वाकळ. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की गच्चीवर घाम टिपायला मऊ सुतीच लागतं, आणि धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्याइतकं मऊ दुसरं काही नाही.

पणजी फिरस्ती. जाईल तिथून साडी आणायची, ती विरेपर्यंत नेसायची, मग धड राहिलेला भाग वाकळीच्या वरच्या बाजूला. नीट बघ, तुकडे तिने नकाशासारखे लावलेत. पायाशी ठिपक्यांची सुंगुडी, मदुराईची, रामेश्वरच्या यात्रेतली. (रामेश्वरची वाळू प्रयागला आणि गंगाजल रामेश्वरला, ही रीत तिने पाळली; साड्या हा तिचा स्वतःचा धर्म.) त्याच्या वर लाल पदराचं इरकल, बागलकोटकडचं. मधला पांढरा चौकोन सोलापूर, साधा मांजरपाट. उशाशी नर्मदाकाठचं महेश्वर. तेव्हा डोकं कुठे ठेवायचं हा प्रश्नच नाही.

आत एकच नऊवारी आहे. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. चार घड्या घातल्या की बरोबर पावणेसात फूट लांबी मिळते, फाडावं लागत नाही. वर-खाली एकेक थर, झाले सहा. याहून जास्त घेतले तर सुई शिरत नाही, टाका तिरका पडतो.

आधी सगळं कापड धुऊन खळ काढायची. एखादं कोरं कापड आत राहिलं तर पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि वाकळीला चुण्या पडतात. मग फरशीवर पसरून, कोपऱ्यांवर वजन ठेवून, मधून कडेकडे कच्चा टाका, म्हणजे झोळ बाहेर सरकतो. पक्का धावदोरा मात्र उलटा, कडेपासून चौकोनाचौकोनाने आत. कच्चा टाका टाळला की सगळा झोळ मध्ये गोळा होऊन फुगा येतो, आणि तो उसवल्याशिवाय जात नाही. दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा मेणावरून ओढलेला आणि हातभरच. लांब घेतला की गुंततो. गाठ थरांच्या आत.

आता मशीन. सहा थर पाणी प्यायले की वाकळ भलतीच जड होते. पिळताना ते सगळं वजन टाक्यांवर येतं. दोरा नवा आणि दणकट, कापड जुनं, म्हणून दोरा टिकतो आणि कापड फाटतं. महेश्वरीत रेशीम आहे, ती सर्वांत आधी जाईल. इरकलचा लाल रंगही एकदा ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघ. रुमाल लाल झाला तर तेवढा भाग वेगळा, ओल्या फडक्याने पुसायचा.

एरवी टबात गार पाणी, चमचाभर सौम्य साबण, अर्धा तास भिजवून पायाने तुडव. दोनदा स्वच्छ पाणी. पिळू नकोस, टबाच्या काठावर निथळू दे, मग दोन दोऱ्यांवर आडवी टाक आणि उलटत राहा. आतला थर ओला राहिला तर कुबट वास धरते, म्हणून तिथल्या ढगाळ दिवसांत धुवायचीच नाही.

फोटोत सुंगुडीची शिवण वीतभर उसवलेली दिसते. विरलेलं कापून काढू नकोस; वरून जुन्या सुती ओढणीचा तुकडा चारी बाजूंनी अर्धा इंच मोठा ठेव, कडा आत दुमड आणि जुन्या ओळींवरूनच धावदोरा घाल. जाड सुई आणि मेणाचा खडा या पाकिटात घातलाय.

तुझी,
आई