नोकरी सांभाळून पुन्हा चित्रकलेकडे वळताना

आपण शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या असतील, तर हात अगदीच कोरा नाही. तरीही पहिला महिनाभर रंग बाजूला ठेवून केवळ रेखाटनच करावे. निवांत रविवारची वाट पाहू नये, कारण तो पाहुण्यांतच जातो. त्यापेक्षा जेवणाच्या सुट्टीत छोट्या वहीत २बी पेन्सिलने समोरचा स्टीलचा डबा, त्याच्या कडीची सावली आणि झाकणातले वाकडे प्रतिबिंब पंधरा मिनिटे काढावे. खोडरबर घरीच ठेवावा.

पुढे जलरंग घेताना बहुतेक जण महागडा चोवीस रंगांचा संच आणतात आणि काटकसर नेमकी कागदावर करतात. पातळ कागद पाणी लागताच फुगतो, आणि दोष मात्र आपण हाताला देतो. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) कागद आणि पाच-सहा नळ्या पुरेत. तैलरंगांचा विषय तूर्त नकोच.