दोन टेरिअर आणि एक बंद दार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे जॅक रसेल टेरिअर जातीच्या दोन सख्ख्या बहिणी आहेत, सव्वादोन वर्षांच्या. लहानपणी एकाच टोपलीत झोपायच्या. गेल्या महिन्याभरात तीनदा जुंपली. तिसऱ्या वेळी सोडवताना ह्यांच्या हाताला चावा बसला. सासूबाई म्हणतात, मध्ये पडू नका, आपापसात मिटवतील. खरंच मिटतं का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नाही मिटत. बऱ्याच जातींची कुत्री गुरगुरतात, एक मान खाली घालतो आणि विषय संपतो. टेरिअरला घडवलंच वेगळ्या कामासाठी. बिळात शिरायचं, समोर कोल्हा असो की उंदीर, मालकाच्या हुकमाची वाट न बघता भिडायचं आणि मागे हटायचं नाही. तीच जिद्द तुमच्या हॉलमध्ये सोफ्याखाली पडलेल्या चेंडूवरून उफाळते. शिवाय दीड ते तीन वर्षं हे वय कुत्र्यांच्या खऱ्या अर्थाने प्रौढ होण्याचं. दोन माद्या, त्यातही एकाच वेताच्या, ह्याच वयात बिनसतात. त्यात कुणाचा स्वभाव वाईट नसतो आणि तुमचं संगोपनही चुकलेलं नसतं.

आधी हाताचं. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन, जंतुनाशक लावून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं होतं. गेला नसाल तर आज जा. कुत्र्यांना रेबीजची लस दिलेली आहे एवढ्यावर थांबू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही विचारा.

भांडण सोडवताना पट्ट्याला कधीच हात घालू नका, चावे तिथेच बसतात. टेरिअर धरतो आणि झटके देतो. अशा वेळी दोघींना ओढलं की कातडी फाटते. भांडण नुकतंच पेटलेलं असेल तर मध्ये खुर्ची किंवा फळी सरकवा, अंगावर जाड चादर टाका किंवा बादलीभर पाणी ओता. दात रुतले असतील तर दोन माणसं लागतात. प्रत्येकाने एकीचे मागचे पाय मांडीपाशी धरून उचलायचे आणि नुसतं धरून ठेवायचं. पकड बदलायला तोंड उघडलं की त्याच क्षणी अर्धगोलात मागे फिरवायचं, म्हणजे ती वळून तुम्हाला चावू शकत नाही. घरात एकटेच असाल तर एकीच्या कमरेला दोरीचा फास घालून ती खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरीला मागे घ्या. आरडाओरडा आणि फटके ह्यांनी त्वेष वाढतोच.

मग जखमा. टेरिअरच्या दाताचं भोक वरून तांदळाएवढं दिसतं, आत कातडी मांसापासून सुटलेली असते. केस कापून सलाइनने धुवा आणि त्याच दिवशी व्हेटला दाखवा. वरून बंद झालेल्या भोकात दोन-तीन दिवसांत पू साठतो.

आता खरं काम. दहा ते चौदा दिवस दोघींच्या मध्ये कायम एक बंद दार. लहान मुलांसाठीचं अडीच फुटी फाटक जॅक रसेल सहज उडी मारून ओलांडते, त्यामुळे कडी लागणारं दार किंवा जाळीचं सेफ्टी डोअरच हवं. ह्याच काळात दोघींची तपासणी करून घ्या : दात, गुडघ्याची वाटी, पाठ. दुखणं लपवणारी मादी आधी चिडते. माजाचे दिवस जवळ असतील तर भडका लवकर उडतो. नसबंदीने तेवढा भाग कमी होतो, पण जुनं वैर जाईलच असं नाही.

नंतर रोज वीस मिनिटं, दोन माणसं, दोन साखळ्या, घराबाहेर. सुरुवातीला मध्ये पाच-सहा मीटर अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचं. दोघी जमीन हुंगत सैल चालू लागल्या की दर दोन-तीन दिवसांनी थोडं अंतर कमी करा. घरातली भेट सर्वांत शेवटी, पिंजऱ्यासारखा मझल (तोंडावर बांधायची जाळी) लावून. त्यात धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येतं.

भांडणाआधीचा क्षण ओळखायला शिका. आवाज होत नाही, उलट सगळं शांत होतं. एक पंजांच्या टोकावर ताठ उभी राहते आणि शेपटी वर करून दुसरीच्या खांद्यावर हनुवटी टेकवते. दुसरीची नजर एका जागी गोठते. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत दोघींना वेगवेगळ्या नावाने, वेगवेगळ्या दिशेला बोलवायचं. जेवण, चघळायचं हाड आणि डिलिव्हरीवाल्याची बेल ह्या तीन वेळी त्या एकत्र नकोतच. दाराबाहेरच्या माणसापर्यंत पोचता येत नाही म्हणून राग शेजारच्या बहिणीवर निघतो.

एवढं करूनही दर वेळी रक्त निघत असेल तर कायम आळीपाळीने मोकळं सोडणं किंवा एकीला चांगलं घर शोधणं, हे दोनच मार्ग उरतात. दोन्हींत प्रेमच आहे.

प्रश्न : बाणेरला रो-हाउस आहे. तीन टेरिअर मिळून बाग उकरतात. घुशी फार आहेत आणि सोसायटी उंदराचं औषध टाकते. काय करावं?

उत्तर : घूस आहे तोवर उकरणं थांबणार नाही. ते खोडी म्हणून करत नाहीत, वासाचा माग घेतात. कुंपणाच्या आतल्या बाजूने एक इंची वेल्डमेश (जाड तारांची जोडलेली जाळी) फूटभर खोल पुरा, तिचं टोक आत दीड-दोन फूट आडवं वळवा आणि वर दगड दाबा. कोंबड्यांची पातळ जाळी गंजते, मग तिच्या तारा पंजांत घुसतात. ड्रेनेजच्या पाइपांची तोंडं झाका; घुशीमागे शिरलेला टेरिअर आत अडकतो. उकरायला स्वतंत्र जागा द्या : चार बाय तीन फूट, दीड फूट खोल, वाळू भरलेली. पण एकावेळी एकच कुत्रा, नाहीतर त्याच खड्ड्यावरून जुंपेल.

औषधाचं नाव सोसायटीकडून लेखी घ्या. ब्रोमाडायोलोन रक्त गोठू देत नाही; त्याच्या वड्या खाल्ल्या तर दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही. मग हिरड्या पांढऱ्या पडतात, धाप लागते. म्हणून खाल्ल्याची शंका आली तरी लगेच न्या. व्हिटॅमिन के-वनच्या गोळ्या साधारण चार आठवडे चालतात. औषध बंद केल्यावर दोन-तीन दिवसांनी रक्त गोठण्याची तपासणी लागते. झिंक फॉस्फाइड, म्हणजे पिठात मळलेली काळपट पूड, काही मिनिटांत ते काही तासांत त्रास सुरू करते आणि जीवही घेऊ शकते. पोटात त्याचा विषारी वायू होतो आणि उलटीतून तो माणसांनाही बाधतो, म्हणून गाडीच्या काचा उघड्या ठेवा. उलटी करवायला मीठ-पाणी पाजू नका, दूध किंवा पोळीही देऊ नका. वेष्टन सोबत न्या. कुणी खाल्लं हे नक्की नसेल तर तिघांनाही न्या.

उंदीर-घुशींच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि तो माणसांनाही लागतो. त्याची लस दर वर्षी, पावसाळ्याआधी द्या. आवारात नाग किंवा घोणस निघाली तर टेरिअर पळत नाही, तोंड घालतो. कोणत्या दवाखान्यात सर्पविषावरचा उतारा (अँटी-व्हेनम) असतो हे आजच विचारून ठेवा. दंशाला चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या.

प्रश्न : कोथरूडच्या फ्लॅटमध्ये चार वर्षांचा फॉक्स टेरिअर नर आहे. एकटा कंटाळतो, सोबतीला दुसरं पिल्लू आणावं का?

उत्तर : फिरणं कमी पडतंय म्हणून कंटाळत असेल तर दुसरं आणल्यावर दोघं मिळून भुंकतील. आधी त्याचं रोजचं फिरणं नीट लावा. मग आणायचंच तर मादी आणा, एकच आणा आणि एकाची तरी नसबंदी करा. महापालिकेचा परवाना प्रत्येक कुत्र्यासाठी वेगळा लागतो, त्यासाठी रेबीज लसीचा दाखला जपून ठेवा. जेवण मोजूनच द्या. सहा किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 430 कॅलरी, म्हणजे बहुतेक कोरड्या खाद्याचे 110 ते 120 ग्रॅम. दोन भांडी दोन खोल्यांत, आणि पंधरा मिनिटांनी दोन्ही उचलायची.

प्रश्न : वेताळ टेकडीवर दोन जॅक रसेल मोकळ्या सोडल्या तर चालेल का?

उत्तर : नको. तिथे मोर आहेत, आणि मोराला 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षण आहे. दोन टेरिअर एकदा मागे लागले की हाक ऐकू येत नाही. हार्नेस आणि दहा मीटरची दोरी वापरा, तीही एका वेळी एकीलाच. पावसाळा सरल्यावर गवताची कुसळं बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरतात. घरी आल्यावर दोघींचे आठही पंजे बोटं फाकवून बघा. एखादी अचानक एका बाजूला मान झटकू लागली तर कानात घरचं तेल न घालता त्याच दिवशी व्हेटकडे न्या.