शेवटच्या खोलीतलं वायफाय

प्रश्न : आमचं घर माटुंग्याला, जुन्या इमारतीत. दारातून शिरलं की हॉल, मग लांब पॅसेज, त्याच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, टोकाला दोन खोल्या. फायबरवाल्या मुलाने त्याचा डबा मुख्य दारावर, मीटरच्या शेजारी ठोकला. हॉलमध्ये नेट झकास. शेवटच्या खोलीत सूनबाई बसून ऑफिसचं काम करते, तिथे मीटिंगमध्ये तिचा आवाज फाटतो. मुलाने एक रिपीटर आणला, मग दुसरा आणला. आता फोनवर वायफायची तीन नावं दिसतात आणि तिन्ही धड चालत नाहीत. कोणी म्हणतं मेश घ्या, कोणी म्हणतं अ‍ॅक्सेस पॉइंट बसवा. मुलगा म्हणतो २०० एमबीपीएसचा प्लॅन ५०० चा करू. काय करावं? (एक वाचक, माटुंगा)

उत्तर : काका, प्लॅनला हात लावू नका. तळमजल्याच्या नळाला पाणी धो धो येतंय आणि गच्चीवरच्या टाकीत चढत नाही, तर पालिकेकडे जास्त पाणी मागून काय होणार? पंप नाहीतर पाइप बघायला हवा.

आधी खात्री करून घ्या. डब्यापासून चार हातांवर उभं राहून फोनवर स्पीड टेस्ट करा. १८०च्या आसपास आकडा आला तर कंपनीचं काम संपलं, पुढचं दुखणं तुमच्या घरातलं. मग अँड्रॉइड फोनवर वायफाय अ‍ॅनलायझर नावाने मिळणारं कुठलंही अ‍ॅप घ्या आणि घरभर हळूहळू फिरा. त्यात सिग्नलचा आकडा उणे चिन्हाने दिसतो. उणे ५० म्हणजे छान, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनबोभाट चालतो, उणे ७५ च्या खाली सूनबाईंचा आवाज फाटायला लागतो. आकडे दिसायला जवळजवळ आहेत, पण दर ३ ला ताकद निम्मी होते. उणे ५० आणि उणे ८० यांच्यात हजार पटींचं अंतर आहे.

आता एक कागद घ्या आणि घराचा ओबडधोबड नकाशा काढा. दारावरच्या डब्यापासून सूनबाईंच्या टेबलापर्यंत पट्टीने सरळ रेघ मारा. तुमच्या वर्णनावरून सांगतो, ती रेघ पॅसेजमधून जाणार नाही. ती स्वयंपाकघरातल्या फ्रिजमधून, न्हाणीघराच्या टाइल्समधून, गीझर आणि पाण्याच्या पाइपांमधून जाईल, आणि वर जुन्या जाड विटांच्या तीन भिंती. आपण पॅसेजमधून चालत जातो म्हणून वायफायही तसंच जात असेल असं आपल्याला वाटतं. त्यातून त्या खोलीत भिंतीला लागून आरशाचं लोखंडी कपाट असेल तर विचारूच नका. लोखंड आणि आरशामागचा मुलामा, दोन्हीवरून लहरी परत फिरतात.

रिपीटर का चालले नाहीत ते यातच आलं. तुमच्या मुलाने ते जिथे नेट येत नव्हतं तिथे, म्हणजे शेवटच्या खोलीतच लावले असणार. सगळे तेच करतात. निरोप्यालाच निरोप अर्धवट ऐकू आला, तर तो पुढे मोठ्याने सांगून उपयोग नाही. शिवाय साधा रिपीटर ज्या रेडिओवर (म्हणजे लहरी पाठवणाऱ्या-पकडणाऱ्या भागावर) ऐकतो त्याच रेडिओवर बोलतो. एका वेळी एकच जमतं, म्हणून वेग निम्म्यावर येतो. दोन्ही काढून ठेवा. मेश म्हणजे हेच काम जास्त शहाणपणाने करणारी मंडळी. भाड्याचं घर आहे, एकही भोक पाडता येत नाही, असं असेल तर मेश घ्या आणि आपसात बोलायला वेगळा तिसरा रेडिओ असलेला घ्या. तुमचं घर स्वतःचं दिसतंय. तुम्ही तार ओढा.

मी एकोणतीस वर्षं या शहरात टेलिफोनच्या तारा ओढल्या, त्यामुळे माझा कल तारेकडे असणार हे वाचकांनी धरूनच चालावं. पण वायफायचा घरातला सगळ्यात मोठा शत्रू भिंत आहे, आणि भिंतीतून विनातक्रार जाणारी वस्तू तार हीच आहे. फायबरच्या डब्यापासून शेवटच्या खोलीपर्यंत एक कॅट-६ केबल (आत तांब्याच्या आठ तारा असलेली नेटची केबल), आणि तिच्या टोकाला अ‍ॅक्सेस पॉइंट. तो तारेतून आलेलं नेट तिथेच वायफायने वाटतो. म्हणजे दारावरचा उजेड लांबवर फेकण्याऐवजी त्या खोलीत स्वतंत्र दिवा लावणं.

केबल घ्यायला ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर सांभाळून. पाटीवर रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण तिथे कोणी त्या नावाने ओळखणार नाही. ‘कॉपर’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त केबलमध्ये बऱ्याचदा आत अ‍ॅल्युमिनियम आणि वर तांब्याचा मुलामा असतो. लोहचुंबक लावून कळत नाही, दोन्हीला चिकटत नाही. एका तारेचं टोक ब्लेडने खरवडा. आत पांढरट चमकलं तर परत करा. असली तार वाकवताना तुटते आणि तिच्यावरून वीज पाठवली की तापते. बाकी लांबीची चिंता नको, तांब्याच्या केबलला १०० मीटरपर्यंत मुभा आहे, तुम्हाला वीस-पंचवीस मीटर पुरतील.

ती विजेच्या तारांच्या पाइपात घालू द्यायची नाही, इलेक्ट्रिशियन कितीही म्हणाला तरी. वेगळी केसिंग पट्टी मारा, स्कर्टिंगच्या वर किंवा छताच्या कडेने. विजेची तार ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. भोक विटांच्या भिंतीत, चौकटीच्या वरच्या कोपऱ्याजवळ पाडा, बीम आणि खांबाला ड्रिल लावू नका. पॅसेजमध्ये बायकोला पट्टी नको असेल (माझ्या घरी नको होती) तर गॅलरीतून बाहेरच्या भिंतीने नेता येते. मग मात्र काळ्या आवरणाची, बाहेर चालणारी केबल घ्या. करडी केबल उन्हाने तडकते. आणि भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवा, केबलला भोकाखाली एक वळसा द्या, म्हणजे पाणी वळशावरून ठिबकून जाईल. हे सगळं मला पाठ आहे कारण मी स्वतःच्या घरी भोक आतल्या बाजूला उतरतं पाडलं. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीला पाणी केबलवरून चालत आलं आणि थेट अ‍ॅक्सेस पॉइंटच्या पोटात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी केबलला वळसा देणारा मी, आपल्या घरी घाई केली.

अ‍ॅक्सेस पॉइंट कुठला? कंपनीचं नाव मी छापत नाही. वायफाय ६, दोन बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ), गिगाबिट पोर्ट आणि पीओई असलेला, एवढं मागा. पीओई म्हणजे त्याच केबलवरून वीजही येते, छताजवळ वेगळा प्लग नको. केबलमध्ये ती वीज सोडायला डब्याजवळ एक इंजेक्टर लागतो. खोक्यावर ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी लिहिलेलं बघा. हा प्रकार आधी समोरचं यंत्र कोण आहे ते विचारतो, मग वीज सोडतो. काही स्वस्त इंजेक्टर न विचारता २४ व्होल्ट सोडतात, ते त्यांच्याच जोडीदाराशिवाय कोणाला लावू नका.

आठ अँटेनांचा, कोळ्यासारखा दिसणारा राउटर दुकानदार पुढे करील. सूनबाईंच्या फोनला अँटेना दोनच असतात, आणि त्या फोनला परत उत्तरही द्यायचं असतं. लाउडस्पीकरवर बोलणाऱ्याचं आपल्याला ऐकू येतं, पण आपण खोलीतून बोललेलं त्याला ऐकू जात नाही. दोन अँटेनांचा साधा अ‍ॅक्सेस पॉइंट त्याच खोलीत असला की दोघांचं बोलणं होतं. गोल थाळीसारखा असेल तर छतालाच आडवा बसवा, कपाटावर उभा टेकवून ठेवू नका, तो खाली आणि चहूबाजूंना बोलायला बनवलेला असतो.

जोडणी करताना नव्वद टक्के लोक एका जागी चुकतात. नवं यंत्र राउटर म्हणूनच सुरू करतात. मग घरात दोन राउटर फोन-लॅपटॉपना नेटवरचे पत्ते वाटत बसतात, हॉलमधला प्रिंटर शेवटच्या खोलीतून दिसत नाही आणि दोष वायफायला जातो. यंत्रात ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असतो, तो निवडा. पत्ते वाटण्याचं काम दारावरच्या डब्याकडेच राहू द्या. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे हुबेहूब एकच ठेवा, सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा ३. डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्डशिवाय जोडून देणारं बटण बंद करा.

मग चॅनल, म्हणजे वायफाय ज्या पट्टीवर बोलतं ती. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारी चॅनल तीनच : १, ६ आणि ११. डब्याला १ द्या, नव्याला ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. ४० केली तर शेजारच्या दहा घरांचा गोंगाट आत येतो. ५ गिगाहर्ट्झवर एकाला ३६, दुसऱ्याला १४९. आता एक उलटी वाटेल अशी गोष्ट : दोन्हींची २.४ ची ताकद कमी करा. फोन कुठल्या यंत्राला चिकटायचं ते फोनच ठरवतो आणि फोन फार एकनिष्ठ असतात. दारावरच्या डब्याचा क्षीण आवाज शेवटच्या खोलीत येत राहिला, तर डोक्यावर नवं यंत्र असूनही तो जुन्यालाच धरून बसतो. सेटिंग संपली की रिपीटरची ती जुनी नावं प्रत्येक फोनमधून ‘फरगेट’ करा, नाहीतर महिनाभराने पुन्हा पत्र लिहाल.

सगळं करून वेग नेमका ९४-९५ वर अडकला, तर क्रिंपिंग, म्हणजे केबलच्या टोकांना दाबून बसवलेले कनेक्टर तपासा. गिगाबिटला आठही तारा लागतात, एखादी सुटली की जोडणी गुपचूप १०० वर येते. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच हवा. क्रिंपिंग ठीक असेल तर माळ्यावर बघा. उंदरांना केबल आवडते.

प्रश्न : आमचं वायफाय दिवसातून एक-दोनदा मिनिटभर गायब होतं आणि आपोआप येतं. राउटर नवा, नेट चालू असतं. घरावरून विमानं जातात, त्यामुळे होतं का? (एक वाचक, जोगेश्वरी पूर्व)

उत्तर : विमानांना सोडा, चॅनल बघा. तुमचा राउटर ‘ऑटो’वर असेल तर तो ५ गिगाहर्ट्झमधल्या ५२ ते ६४ किंवा १०० ते १४४ या पट्ट्यांत जाऊन बसत असेल. या पट्ट्या रडारांच्याही आहेत. तिथे बसलेल्या यंत्राला रडारची चाहूल लागली की ताबडतोब उठावं लागतं आणि अर्धा तास त्या चॅनलवर फिरकता येत नाही. तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी मिनिटभर गप्प बसून ऐकावं लागतं. तुमचं मिनिट बहुधा हेच. त्यातून १२० ते १२८ ही चॅनलं हवामान रडारच्या पट्ट्यात येतात, आणि वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँड (म्हणजे ५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींचं) रडार २०२२ पासून आहे, तुमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तुमच्या राउटरला तेच दिसतं की दुसरंच काही, हे घरबसल्या सांगणार नाही, पण उपाय फुकटचा आहे. ‘ऑटो’ काढून ३६ किंवा १४९ ठेवा आणि आठवडाभर बघा.

प्रश्न : गिरगावात चाळीत दहा बाय अठराची एकच खोली. डबा टीव्हीच्या मागे आहे. अ‍ॅक्सेस पॉइंट कुठला घेऊ? (एक वाचक, गिरगाव)

उत्तर : कुठलाही नको, पैसे वाचवा. एका खोलीत भिंत आडवी येतच नाही. तुमच्याकडे त्रास असेल तो शेजाऱ्यांचा, चाळीत पंचवीस-तीस वायफाय एकमेकांवर ओरडत असतात, तेही बहुतेक २.४ वर. फोन आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडा, तो आवाज भिंतीपलीकडे फारसा जात नाही, म्हणून शेजाऱ्यांचाही तुमच्याकडे कमी येतो. आणि डबा टीव्हीच्या मागून काढून देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवा. समईच्या धगेपासून हातभर लांब.