पोलिओ, कॅलिपर आणि पाळणा लांबवणं: माझा अनुभव

ताई, पायाला पोलिओ, लग्नाला वर्ष झालेलं, इतक्यात मूल नकोय, आणि दवाखान्यातल्या बाईंनी "तुम्हाला कशाला पाहिजे हे?" म्हणून गडहिंग्लजला परत पाठवलं, असं तुम्ही लिहिलंय. अठरा वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका दवाखान्यात हेच मी ऐकलंय. फक्त ते मला नव्हे, माझ्या सासूबाईंना विचारलं होतं.

निरोध वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडते. माझी चूक सांगते. मी सासूबाईंना आत नेलं. बाईंनी पाळी नियमित आहे का, हेसुद्धा त्यांनाच विचारलं, आणि मी कॅलिपरचा (पायाला आधार देणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा) पट्टा चाचपत गप्प बसले. मला तांबी (कॉपर-टी) बसवायची होती. तपासायचं टेबल माझ्या कमरेच्या वर, आणि चढायला एक डुगडुगणारं लोखंडी स्टूल. बाई म्हणाल्या, "हिला वर कोण चढवणार? गोळ्या देऊ या." बीपी नाही, पायाची चौकशी नाही. टेबल उंच म्हणून गोळ्या, एवढाच हिशेब! साध्या खाटेवरही तपासता येतं, हे मला फार उशिरा कळलं.

सात महिन्यांनी पोटरी दुखायला लागली. पोलिओचा पाय तसाही गार पडतो, संध्याकाळी सुजतो, म्हणून पट्टा सैल करून आठ दिवस काढले. सोनोग्राफीत रक्ताची गुठळी निघाली. ती गोळ्यांमुळेच झाली असं कुणी छातीठोकपणे म्हणालं नाही. पण इस्ट्रोजेन हे हार्मोन असलेल्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो आणि हालचाल कमी असेल तर आधी विचार करावा लागतो, हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. माझा राग अजून गेलेला नाही.

पुढं मुलगी झाली, तर त्याच दवाखान्यात "एक झालं ना, ऑपरेशन करून टाका" म्हणत फॉर्म नवऱ्यापुढं सरकवला. त्यांनी तो उचलून माझ्या हातात दिला, म्हणून वाचले. आमची जाऊबाई धडधाकट, दोन मुली, तिला ऑपरेशन हवं होतं, तर घरचे म्हणाले मुलगा झाल्याशिवाय नाही. मला थांब म्हणाले, तिला थांबू देईनात. विचारलं दोघींनाही नाही.

आमच्या वेळी हा कायदा नव्हता, आता आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 10 सांगतं की कुटुंबनियोजनाची माहिती मिळणं हा तुमचा हक्क आहे, आणि तुमच्या संमतीशिवाय मूल होणं बंद करणारी कुठलीही प्रक्रिया करता येत नाही. कुणी आवाज चढवला तर हे कलम सांगा.

मी डॉक्टर नाही, प्रत्येकीचं शरीर वेगळं. तरी माझं मत तांबीच. 380ए नावाची तांबी दहा वर्षं चालते आणि हवी तेव्हा काढता येते. 'अंतरा' इंजेक्शन तीन महिन्यांनी एकदा, सरकारी दवाखान्यात फुकट, पण त्यानं हाडांची घनता कमी होऊ शकते. आपला पाय आधीच बारीक, म्हणून नीट विचारून घ्या. 'छाया' या गोळीत इस्ट्रोजेन नसतं. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. आणि मुलं पुरे झाली की बिनटाक्याची नसबंदी नवऱ्यानं करावी. पुरुषांसाठी ती सोपी असते, तरी सगळे बाईच्याच ऑपरेशनवर येऊन थांबतात.

जायच्या आधी फोन करून टेबलाची उंची कमी करता येते का, ते विचारा. गडहिंग्लजला जमलं नाही तर कोल्हापूरला या, मी सोबत येते. मी बाहेर बाकावर बसेन. आत तुम्ही एकट्या जा.