काटा ६०, स्क्रीनवर ३२, रिपोर्टात १११: नॉटचा गुणाकार कुठे चुकतो

तुम्ही लिहिलंय की बडोद्याजवळच्या नंदेसरीहून निघालेल्या टँकरचा वेगाचा काटा ताशी ६० किलोमीटर दाखवतो तेव्हा ऑफिसच्या जीपीएस ट्रॅकिंगच्या स्क्रीनवर ३२ दिसतात, महिन्याच्या रिपोर्टात त्याच वेळेसमोर १११ छापून येतात, आणि पुरवठादार म्हणतो अँटेना बदला. अँटेना बदलू नका. नॉट हे जहाजांच्या वेगाचं एकक, १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. ६० ला १.८५२ ने भागा, ३२.४ येतात. गुणा, १११.१ येतात. स्क्रीनवर नॉटचं किलोमीटर केलेलंच नाही आणि रिपोर्टात ते दोनदा झालंय.

अँटेना खराब असली तर वेग थरथरतो, मध्येच शून्य होतो, उभी गाडी पळताना दिसते. दर वेळी बरोबर त्याच पटीत चुकणं अँटेनाला जमत नाही, ते हिशेबाचं काम. नाव घेत नाही, पण अशाच एका पुरवठादाराच्या सपोर्ट ऑफिसने अँटेना, मग सिम, मग गाडीतला अख्खा जीपीएसचा डबा बदलायला लावला. या सगळ्या प्रकारात आमचा सर्वात जास्त पैसा तिथेच गेला. ‘सर्व्हरवर येणाऱ्या वेगाचं एकक काय?’ या एका प्रश्नाचं लेखी उत्तर त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही. तुम्ही सगळ्यात आधी हेच उत्तर मागा, ईमेलवर.

१ नॉट म्हणजे ताशी १ सागरी मैल, आणि सागरी मैल १९२९ पासून बरोबर १८५२ मीटर. म्हणून १.८५२ हा आकडा अंदाजाचा नाही, नेमका आहे. जमिनीवरच्या गाडीत नॉट आला कारण डब्यातलं जीपीएस मॉड्यूल ज्या एनएमईए ०१८३ या ठरलेल्या पद्धतीने बोलतं ती मुळात बोटींवरच्या यंत्रांसाठी बनली. मॉड्यूल स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी पाठवतं, त्यातल्या आरएमसी नावाच्या (वेळ, जागा, वेग सांगणाऱ्या) ओळीत सातव्या स्वल्पविरामानंतरचा आकडा हा वेग, नॉटमध्ये. त्याच्या पुढचा आकडा दिशेचा. एक घर चुकून दिशा उचलली तर गाडी वळली की ‘वेग’ बदलतो, हेही पाहण्यात आहे. मॉड्यूल व्हीटीजी ही फक्त दिशा आणि वेगाची ओळ देत असेल तर तिच्यात नॉट आणि किलोमीटर दोन्ही असतात. ‘के’ अक्षराच्या आधीचा आकडा घ्या, गुणाकाराची भानगडच राहत नाही.

डबा कुणी आर्डुइनोवर (स्वतः प्रोग्राम करायचा छोटा सर्किट बोर्ड) बनवून दिला असेल तर प्रोग्राममध्ये दोन जागा बघा. पहिली, पूर्णांकात लिहिलेलं १८५२/१०००. पूर्णांकात याचं उत्तर १ येतं. कोडमध्ये गुणाकार दिसतो आणि बाहेर नॉटच पडतात. तुमच्या स्क्रीनवरच्या ३२ चं कारण हेच असू शकतं. दुसरी, आधी नॉट गुणिले १८५२ आणि मग भागाकार. आर्डुइनो उनोवरचा साधा इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, ३२७६७ च्या पुढे जात नाही. १७ नॉटला ३१४८४ होतात, ठीक. १८ ला ३३३३६ होतात आणि वेग उणे येतो. म्हणजे गल्लीत चाचणी पास आणि हायवेवर गोंधळ. फ्लोट (दशांशवाला प्रकार) वापरा, १.८५२ लिहा, विषय संपला. जीपीएसच्या ओळी वाचणारी टायनीजीपीएस प्लस ही तयार लायब्ररी असेल तर तिचं किलोमीटरचं फंक्शन तयार आहे. ‘व्हॅल्यू’वालं घेतलंत तर नॉटचे शंभरावे भाग मिळतील, ३२.४ च्या जागी ३२४०.

आता रिपोर्ट. दोनदा गुणाकार बहुतेक वेळा मिश्र ताफ्यात होतो. जुन्या गाड्यांवर नॉट पाठवणारे डबे, नव्यांवर एआयएस १४० या भारतीय ट्रॅकिंग मानकाचे, ज्यातून वेग थेट किलोमीटरमध्ये येतो, आणि दोन्ही एकाच टेबलात ‘स्पीड’ नावाच्या रकान्यात. ट्रॅकारसारखा (गाड्यांच्या ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर) सर्व्हर उलट करतो: डबा काहीही पाठवो, तो वेग नॉटमध्येच ठेवतो आणि बाहेरही नॉटच देतो. मग एकाने टेबलातून आकडे काढणाऱ्या क्वेरीत गुणलं, दुसऱ्याने रिपोर्टच्या साच्यात. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर. माझं मत ठाम आहे: गुणाकार एकाच ठिकाणी, डेटा आत घेताना. मूळ आकडा वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा, आणि रकान्याच्या नावातच एकक, ‘स्पीड_नॉट’, ‘स्पीड_किमी’. नुसतं ‘स्पीड’ नाव असलेला रकाना मी ठेवू देत नाही.

खरा धोका मात्र ३२ चा आहे, १११ चा नाही. १११ दिसले की आरडाओरडा होतो. ३२ वर कुणी बोलत नाही. धोकादायक माल नेणाऱ्या गाडीला ६० ची मर्यादा धरून तुम्ही अलार्म ६० वर लावलाय (तुमच्या परवान्यात काय लिहिलंय ते आरटीओच्या कागदावरच बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका). अलार्म कच्च्या नॉटशी तुलना करत असेल तर तो १११ किलोमीटरला वाजेल. ड्रायव्हर एक्स्प्रेसवेवर ९५ ने निघाला तरी सर्व्हरला ५१.३ दिसणार आणि सगळं शांत. आज रात्री दुसरं काही केलं नाहीत तरी चालेल, अलार्म तेवढा तपासा.

‘कॅलिब्रेशन फॅक्टर’च्या नादी लागू नका. गाडीचा काटा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवेल असा बनवतात, त्यामुळे काटा ६० आणि जीपीएस ५७ हे तब्येतीचं लक्षण आहे. दोन्ही जुळवायला कुणी १.८५२ चं १.९५ करून देत असेल तर त्याला थांबवा. खात्री करायची तर बडोद्याच्या दुमाड चौकडीपुढे मोकळा रस्ता बघून वेग स्थिर ठेवा आणि शेजारी बसलेल्याला किलोमीटरच्या दोन दगडांमधले सेकंद मोजू द्या. ३६०० भागिले सेकंद, झाला खरा वेग. तोंडी हिशेबाला नॉटची दुप्पट करून मूळ आकड्याचे १५ टक्के वजा करा: २० चे ४० वजा ३, ३७. मीटर प्रति सेकंद हवं तर निम्मं करून ३ टक्के वाढवा.

जुना डेटा सरसकट गुणू किंवा भागू नका. लागोपाठच्या दोन नोंदींमधलं अंतर आणि वेळ घेऊन वेग काढा, नोंदवलेल्या वेगाशी ताडा. गुणोत्तर १ च्या आसपास, ०.५४ च्या की १.८५ च्या, त्यावरून गाडीवार आणि तारीखवार गट आपोआप पडतात. सलग, सरळ रस्त्यावरच्या नोंदी घ्या, वळणावळणात अंतर कमी भरतं. १११ पाहून कुणा ड्रायव्हरचे पैसे कापले असतील तर ते आधी परत करा, डेटाची दुरुस्ती मागून होत राहील.

जाता जाता, कच्च्या ओळी उघडल्याच आहेत तर अक्षांशही बघून घ्या. बडोद्याला २२१८ ने सुरू होणारा आकडा म्हणजे २२ अंश १८ मिनिटं. १८ ला ६० ने भागायचं, २२.३० येतात. कुणी नुसता दशांशचिन्ह सरकवून २२.१८ केलं असेल तर नकाशावर गाडी १३ किलोमीटर दक्षिणेला दिसेल. ज्याने वेगाचं एकक पाहिलं नाही त्याने हेही पाहिलेलं नसतं, असा माझा अनुभव. आरएमसीच्या दोनतीन कच्च्या ओळी आणि त्याच वेळी डब्याकडून सर्व्हरवर आलेला वेग इथे टाका, गाडीचा नंबर आणि डब्याचा आयएमईआय खोडून. डबा नॉट पाठवतोय की किलोमीटर, ते त्यावरून सांगता येईल.