कागदी लिंबाच्या रोगट झाडावरचा सायला आपोआप कमी झाला, म्हणजे धोका टळला का?

नाही, टळलेला नाही. तुम्ही लिहिलंय की मोहोळच्या तुमच्या बागेत पिवळ्या पडलेल्या झाडावर आधी सिट्रस सायला, म्हणजे रस शोषणारा बारीक किडा, भरपूर होता, आता तिथं मोजकाच दिसतो आणि शेजारची हिरवीगार झाडं त्यानं भरलीत. झाडाला ग्रीनिंग, म्हणजे लिंबूवर्गीय झाडांचा जिवाणूजन्य रोग, असेल तर असंच होतं, आणि बागेत रोग पसरतो तो मुख्यतः यातूनच.

ग्रीनिंगचे जिवाणू झाडाच्या अन्नरसाच्या नळ्यांत राहतात. रोगट झाडातून मिथाइल सॅलिसिलेट जास्त सुटतं. सांधेदुखीच्या बामचा वास असतो ना, तेच ते. त्या वासावर सायला येतो, शेपटीकडची बाजू वर करून तिरका बसतो आणि सोंड खुपसतो. पण आतल्या नळ्या चोंदलेल्या असतात. किड्याच्या पाठीला बारीक तार चिकटवून, सोंड झाडात नेमकी कुठं आहे हे विजेच्या संकेतांवरून टिपता येतं. अशा प्रयोगांत दिसलंय की रोगट झाडावर तो अन्नरस कमी वेळ पितो आणि पाण्याच्या नळ्यांवर जास्त वेळ घालवतो. पोट भरेना की उठतो, निरोगी झाड गाठतो. जाताना जिवाणू सोबत नेतो. रोगट फुटीवरच वाढलेलं पिल्लू तर सगळ्यात वाईट, मोठं झाल्यावर ते मरेपर्यंत रोग पसरवू शकतं.

तरी लगेच कुऱ्हाड उचलू नका. आपल्या सोलापूरच्या चुनखडीच्या रानात जस्त-लोह कमी पडूनही पानं पिवळी होतात. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजू ताडून बघा. पिवळेपणा दोन्हीकडं सारखा असेल तर बहुधा कमतरता. एकीकडं एक, दुसरीकडं वेगळाच डाग असेल तर ग्रीनिंगचा संशय घ्या. कागदी लिंबावर लक्षणं मोसंबीइतकी ठळक दिसतीलच असं नाही, म्हणून देठासकट पानं पीसीआर तपासणीला (प्रयोगशाळेत जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) पाठवा. कुठं पाठवायची ते मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

रोग निघाला तर झाड काढाच, माया करू नका. पण आधी फवारणी, मग तोडणी. तसंच तोडलंत तर त्यावरचा सगळा सायला शेजारी उडेल. कोणतं औषध, किती, हेही केंद्रातूनच घ्या. पुढं प्रत्येक नवती फुटताना कोवळे शेंडे भिंगातून बघत राहा. अंडी तिथंच असतात, पिवळसर-नारिंगी.