‘लघुमेंदू’खालची लाल रेघ

नागपूरच्या धरमपेठेत राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी फलक केला. मथळा दिला, ‘मानवी मूलपेशींपासून लघुमेंदूची निर्मिती’. परीक्षकांनी ‘लघुमेंदू’खाली लाल रेघ ओढली आणि कारण न सांगता पुढच्या टेबलाकडे गेले. ताई विचारतात, यात चूक काय? आणि ‘ऑर्गनॉइड’ला, म्हणजे प्रयोगशाळेत पेशींपासून वाढवलेल्या अवयवासारख्या गोळ्याला, मराठीत बरा शब्द आहे की नाही?

ताई, रेघ बरोबर आहे. फक्त ती एकाच शब्दाखाली का थांबली, हा माझा प्रश्न. मी असतो तर ‘मूलपेशी’ आणि ‘निर्मिती’खालीही ओढली असती. अर्थात पोरीला कारण सांगून.

‘लघुमेंदू’ची जागा मराठीत आधीच भरलेली आहे. डोक्याच्या मागे, मोठ्या मेंदूच्या खाली जो भाग शरीराचा तोल सांभाळतो, त्याला पाठ्यपुस्तक ‘अनुमस्तिष्क’ म्हणतं आणि डॉक्टर पेशंटशी बोलताना ‘लहान मेंदू’ म्हणतात. धंतोलीत ज्याने कधी कुणाचा एमआरआय हातात धरून बाकड्यावर दुपार काढली आहे, त्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. ‘सेरेबेलम’चा लॅटिन अर्थही छोटा मेंदूच. तेव्हा ‘प्रयोगशाळेत लघुमेंदू तयार’ वाचल्यावर चोख वाचकाला वाटेल, चला, तोल जाणाऱ्यांची सोय झाली.

हे झालं नावावर नाव चढण्याचं. खरी अडचण वस्तूचीच आहे. २०१३ साली व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांच्या गटाने मेंदूचे हे ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींचे गोळे, वाढवले. मूलपेशींचा, म्हणजे ज्यांपासून शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकते अशा पेशींचा, पुंजका जेलीच्या थेंबात ठेवला, पोषक द्रवात सोडला आणि द्रव हलता ठेवला. गोळा वाढून जेमतेम ४ मिलिमीटरचा झाला. डोळ्यांपुढे आणायचा तर गुलाबी पाण्यात भिजलेला साबुदाणा आणा. अशा द्रवात बहुधा रंगाचा सूचक असतो, आम्लता वाढली की तो पिवळा पडतो आणि द्रव बदलायची वेळ झाली हे कळतं. साबुदाण्याच्या आत मात्र मेंदूच्या बाहेरच्या थरासारखी रचना, कुठे डोळ्याच्या पडद्याचं काळसर रंगद्रव्य, सगळं आपापल्या हिशेबाने उगवलेलं. त्याचं साम्य होतं ते सुमारे ९ आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूशी. रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे ऑक्सिजन मध्यापर्यंत पोचत नाही, आतला भाग मरतो आणि वाढ काही मिलिमीटरवर अडते.

आता ‘लघु’ म्हटलं की आपण काय समजतो? लघुउद्योग हा उद्योगच असतो, लघुकथा ही कथाच असते. सगळं आहे, फक्त आकाराने कमी. इथे तसं नाही. तान्ह्या पोळ्याला आपली पोरं लाकडी नंदी घेऊन निघतात ना, त्या नंदीला शिंगं, वशिंड, झूल सगळं असतं, नसतं ते मांस. या गोळ्याचं उलटं आहे. मांस अस्सल माणसाचं, पण शिंगं कुठे आणि शेपूट कुठे याचा पत्ता नाही. नंदीला ‘छोटा बैल’ म्हणून आपण चालवून घेतो, कारण तो बैलाचं चित्र आहे. गोळा मेंदूचं चित्र नाही, तुकडाही नाही. शास्त्रज्ञांनाही हे खटकतं. २०२२ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी मिळून ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात निव्वळ नावांवर लेख लिहिला आणि ‘मिनी ब्रेन’ म्हणू नका असं बजावलं. म्हणजे लाल रेघ ओढणारे तुमचे परीक्षक एकटे नाहीत.

मग म्हणायचं काय? ‘ऑर्गनॉइड’मधलं ‘ऑइड’ हे ग्रीक शेपूट आपल्या घरात औषधांच्या चिठ्ठीवरून कधीच आलेलं आहे. थायरॉइड म्हणजे ढालीसारखी ग्रंथी, टायफॉइड म्हणजे टायफससारखा ताप. ‘सारखं, पण तेच नव्हे’ एवढाच त्याचा अर्थ. यासाठी ‘सदृश’, ‘आभ’, ‘सम’ असे प्रत्यय लोक सुचवतात. ‘मेंदूसदृश’ चालतो, पण ते विशेषण आहे, पुढे नाम लागतं. ‘मेंदूसम’ म्हटलं की बरोबरी आली, आणि तीच तर नको आहे.

माझं मत ‘कल्प’ला. पाणिनीचं एक सूत्र आहे, ‘ईषदसमाप्तौ कल्पब्देश्यदेशीयरः’. ‘ईषदसमाप्ती’ म्हणजे पुरं व्हायला थोडं कमी पडणं. तो अर्थ दाखवायला ‘कल्प’ हा प्रत्यय. ‘मृतकल्प’ म्हणजे मेल्यात जमा, पण मेलेला नव्हे. या गोळ्याचं वर्णन करायला इतका नेमका प्रत्यय अडीच हजार वर्षं जणू वाटच पाहत होता. ऑर्गनॉइड तो ‘अवयवकल्प’ आणि मेंदूचा तो ‘मेंदूकल्प’. कुणी म्हणेल, ‘मेंदू’ देशी आणि ‘कल्प’ संस्कृत, हे लग्न जमत नाही. आपण ‘मेंदूज्वर’ बिनतक्रार म्हणतो की! दुसरी शंका खरी आहे: ‘प्रकल्प’, ‘कायाकल्प’ यांच्या गर्दीत हा ‘कल्प’ ओळखू येणार नाही. म्हणून पहिल्यांदा वापरताना ‘मेंदूकल्प, म्हणजे मेंदूच्या ऊतीचा प्रयोगशाळेत वाढवलेला गोळा’ असं एकदा सांगून टाकावं. ‘ऊती’ शब्दाला घाबरू नका. संस्कृतात त्याचा अर्थ विणणं, आणि इंग्रजी ‘टिश्यू’च्या मुळाशीही विणकामच आहे. शिवाय टिश्यू कल्चरची केळी लावणाऱ्या शेतकऱ्याला ‘ऊतीसंवर्धित रोपं’ पाठ असतात.

आता ‘मूलपेशी’. मराठीत ‘मूल’ म्हणजे लेकरू. शीर्षक वाचून दहातले दोघे तरी ‘बाळाच्या पेशी’ समजतील. ‘मूळपेशी’ लिहा. मूलपेशी म्हणजे इंग्रजी ‘स्टेम सेल’; त्यातला ‘स्टेम’ जर्मन ‘स्टाम’वरून आला, १८६८ साली जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांनी वापरलेला, आणि त्यात वंशवृक्षाच्या खोडाचा भाव आहे. आपला ‘मूळपुरुष’ तोच. काही पुस्तकांत ‘स्कंधपेशी’ असतं. ‘स्कंध’ म्हणजे खोड हे खरं, पण त्यातूनच ‘खांदा’ आला, आणि मला एका शिकल्यासवरल्या माणसाने विचारलेलं आहे, “ह्या पेशी खांद्यातून काढतात का?” ‘मूळ’च्या बाजूने आणखी एक गोष्ट. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी चार जनुकं घालून मागे नेल्या, पुन्हा काहीही होऊ शकतील अशा केल्या. २०१२ चं नोबेल त्यांना, जॉन गर्डन यांच्यासोबत, त्यासाठीच. मराठीत याला काय म्हणतात? पेशी मूळपदावर आली! मेंदूकल्पासाठी आता बहुतेक अशाच पेशी घेतात. ज्याला मेंदूचा जन्मजात विकार आहे, त्याच्याच त्वचेपासून सुरुवात करता येते. पलीकडे वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘मूयपेशी’ होईल, होऊ द्या.

राहिली ‘पेशी’. हा नागपूरचा खास घोळ. फलक बघायला आलेल्या एका वकीलकाकांनी म्हणे विचारलं, “मूलपेशी म्हणजे पहिली तारीख का?” आपल्याकडे पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, कोर्टात असते. ती फारसी, ‘पेशवा’च्या कुळातली, पुढे उभं राहण्याची. शरीरातली पेशी संस्कृत. चरकसंहितेत दुसऱ्या महिन्यातल्या गर्भाला पिंड, पेशी किंवा अर्बुद म्हटलंय. म्हणजे ‘पेशी’ हा मुळात मांसाचा गोळाच, आणि तोही साधारण त्याच वयाचा, ज्या वयाशी व्हिएन्नातल्या गोळ्याचं साम्य निघालं. योगायोग आहे, यावरून ‘आपल्याकडे आधीच होतं’ असं कुणी काढू नये.

‘निर्मिती’ही मला खटकते. पानठेल्यावर कुणी म्हणेल, “शास्त्रज्ञ मेंदू बनवून राहिले ना बाप्पा!” पण बनवत कुणीच नाही. आई दही बनवत नाही, लावते; विरजण घालून ऊबेला ठेवते, पुढचं दूध आणि विरजण बघून घेतात. इथेही पेशी आपसांत ठरवून थर रचतात, माणूस जेली, द्रव आणि ऊब सांभाळतो. तेव्हा क्रियापद ‘वाढवणे’.

मुलीला मथळा असा लिहायला सांगा: ‘मानवी मूळपेशींपासून वाढवलेला मेंदूकल्प’. खाली बारीक अक्षरांत गोळ्याचा आकार द्या, आणि शेजारी ४ मिलिमीटरचा एक ठिपका काढा. वकीलकाका परत आले, तर आधी ठिपका दाखवा.